शेपूट कापलेली लिंक

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. खाली लेथ सुरू झाले की वर टेबलावर मांडलेले चाचणीचे फोन किंचित थरथरतात. त्यांपैकी एका फोनवर मी नुकतीच एक लिंक दाबून पाहिली होती आणि ती अपेक्षेप्रमाणे ब्राउझरमध्ये न जाता थेट आमच्या ॲपमध्ये उघडली होती. तेवढ्यात चामटोलीहून वहिनीचा फोन आला.

वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. मावशीच्या औषधांची सगळी व्यवस्था तिच्याकडे असते.

"ताई, आईंचा रिपोर्ट आला. एक पॉइंट सात."

"परत एक पॉइंट सात?"

"परत तेवढाच. मी लगेच दवाखान्यात कळवलं. ते म्हणाले, अजून पाव गोळी वाढवा. आज संध्याकाळपासून वाढवते. पालेभाजी तर कधीच बंद केलीय. त्यावरून तुमची मावशी माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीये."

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर शाळा संपेपर्यंत मावशीने मला चामटोलीला आपल्या घरी ठेवून घेतले. तिच्या हृदयात आता धातूची झडप आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रोज संध्याकाळी सहा वाजता रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. गोळी किती घ्यायची हे एका चाचणीच्या आकड्यावरून ठरते. तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवून दिलेली मर्यादा अडीच ते साडेतीन अशी होती. आकडा त्याखाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. ऑक्टोबरच्या शेवटी तो एक पूर्णांक सात आला होता, म्हणून तेव्हा गोळी वाढवली होती. आता तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली होती.

वहिनीने फोन ठेवला आणि मी पुन्हा पडद्याकडे वळले. पण लक्ष लागेना. गोळी वाढवूनही आकडा हलला नाही, हे एक वेळ समजण्यासारखे होते. तो दशांशापर्यंत तोच राहिला, हे मात्र मला पटेना. मी विज्ञान शिकले आहे. प्रयोगात काही बदलले आणि मोजमाप तिळमात्रही बदलले नाही, तर निसर्गावर संशय घेण्याआधी मोजपट्टी तपासावी, एवढे मला शिकवले गेले आहे. मी वहिनीला उलट फोन केला.

"रिपोर्ट उघड आणि खाली तारीख बघ."

"तारीख? थांबा हं, फार बारीक आहे." ती मोठ्याने वाचू लागली. "अठ्ठावीस… ऑक्टोबर. अहो ताई, हा तर मागचाच आहे! लॅबवाल्यांनी जुनाच पाठवला की काय?"

तो रिपोर्ट 'लॅबवाल्यांचे' ॲप दाखवत होते आणि ते ॲप आम्ही बनवलेले होते. रिपोर्टची लिंक ओळखून ती ॲपमध्ये उघडणारा पॅटर्न तर मीच लिहिला होता.

तो पॅटर्न काय करतो हे सोप्या शब्दांत सांगता येते. आपण एखादी लिंक दाबतो तेव्हा फोन आधी पाहतो की, हा पत्ता माझा आहे असे एखाद्या ॲपने सांगून ठेवले आहे का. लॅबच्या संकेतस्थळावर पुष्कळ पाने होती: दरपत्रक, केंद्रांचे पत्ते, घरी येऊन रक्त नेण्याची नोंदणी. ही पाने ब्राउझरमध्येच उघडावीत आणि फक्त रिपोर्ट ॲपमध्ये उघडावेत, अशी मागणी होती. म्हणून मी फोनला सांगून ठेवले होते: या संकेतस्थळाचा पत्ता असेल आणि त्यापुढचा रस्ता 'रिपोर्ट' या शब्दाने सुरू होत असेल, तरच आमच्या ॲपला बोलाव. कार्यालयातल्या प्रत्येक फोनवर तो पॅटर्न बिनचूक चालला होता. माझ्या कामाचे त्याबद्दल कौतुक झाले होते आणि खरे सांगायचे तर त्या कौतुकाच्या बळावर मी पुढच्या पदावर डोळा ठेवून होते.

"मला तो मेसेज पाठव, वहिनी. लॅबकडून आलेला मूळ मेसेज."

"तो काढून टाकला."

"का?"

"लिंकचा मेसेज फोनात ठेवायचाच नाही. बघायचं आणि पुसायचं."

मी तिला सांगितले की संध्याकाळची वाढवलेली गोळी देऊ नकोस. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि नाही दिली आणि झडप अडकली, तर? मी काय सांगू ह्यांना?"

तिचे म्हणणे रास्त होते. खरा आकडा मलाही ठाऊक नव्हता. तो आणखी खाली गेला असेल, तर गोळी रोखणे घातक. वर गेला असेल, तर वाढवणे घातक. डॉक्टरांनी जे सांगितले ते चुकीच्या आकड्यावर सांगितले होते, पण एकदा त्यांच्या तोंडून आल्यावर ती आज्ञा झाली होती, आणि आज्ञेपुढे माझा संशय फार हलका होता.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. त्यांचे सहायक म्हणाले, "मॅडम, आकडा तुमच्याच घरून आला. आता तुम्हीच म्हणता तो खोटा आहे. खरा सांगा, लगेच बदलू."

मग लॅबच्या बदलापूरच्या केंद्रात. तिथली बाई सौजन्याने बोलत होती, पण ठाम होती. "आकडा फोनवर सांगायची परवानगी नाही, मॅडम."

"मी नातेवाईक आहे."

"फोन करणारे सगळे नातेवाईकच असतात. कागद हवा तर पावती घेऊन या. नाहीतर नोंदवलेल्या नंबरवर लिंक परत पाठवते."

पावती चामटोलीला होती. मी म्हटले, लिंक पाठवा. पाच-सात मिनिटांत वहिनीचा फोन आला. आवाजात सुटल्याचा भाव होता. "आली ताई, नवीन लिंक आली. उघडली. एक पॉइंट सातच आहे."

"तारीख?"

सुटका संपली. "अठ्ठावीस ऑक्टोबर."

माझ्या वरिष्ठांना मी सगळे सांगितले. ते उठून माझ्या टेबलाशी आले आणि आम्ही लॅबच्या चाचणी-खात्यातून स्वतःलाच रिपोर्ट पाठवून पाहिले. प्रत्येक फोनवर नवा रिपोर्ट, नवी तारीख. वरिष्ठ हसत म्हणाले, "यार, इथे तर मख्खन चाललंय. तुझ्या वहिनीच्या फोनात भूत आहे." मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. रुग्णांची खरी माहिती आम्हा दोघांपैकी कोणालाच पाहता येत नसे. तशी व्यवस्था असावी असा आग्रह बैठकीत मीच धरला होता, आणि तो योग्यच होता. त्या दुपारी मात्र त्या योग्यतेचा मला राग आला.

दोष दिसत नाही, याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. आपण चुकीच्या जागी पाहत आहोत एवढाच होतो. तो चामटोलीला दिसत होता, तेव्हा चामटोलीलाच जाणे भाग होते. मी एका सहकाऱ्याची स्कूटर मागून घेतली.

बदलापूरपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशीचा मला आठवत नाही. मनात शक्यता मांडत होते आणि खोडत होते. जुना फोन असेल? नाही, दोन महिन्यांपूर्वीच घेतलेला. ॲपची जुनी आवृत्ती? नाही, नवी मीच घालून दिली होती. गावात नेटवर्क कमी असते, म्हणून ॲप साठवलेला रिपोर्ट दाखवते? पण तसे असते तर वर इशाऱ्याची पिवळी पट्टी आली असती आणि वहिनीने ती सांगितली असती. एकेक शक्यता खोडली की क्षणभर बरे वाटे आणि लगेच लक्षात येई की, आता उरलेल्यांत मला न सुचलेली एकच शक्यता आहे. भीतीचा हा प्रकार मला नवा होता. अंधारातल्या वस्तूची भीती वाटते. इथे मी स्वतः बांधलेल्या, दिवे लावलेल्या खोलीत मला न दिसणारे काहीतरी होते.

मावशी खळ्याच्या कडेला उन्हात सूप घेऊन बसली होती. झोडणी आटोपली होती आणि ती भात पाखडत होती. मला पाहून तिने सूप थांबवले.

"काय गो बाय, कामावरना काढली का काय तुला? ही काय येयाची येल हाय?"

"हात बघू तुझा."

"हात काय बघतंस? जोतिषी झालीस काय?"

मी तिची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर, भाकरीच्या तुकड्याएवढा काळानिळा डाग होता. कोपराजवळ दुसरा, कडेने पिवळा पडत चाललेला.

"हा कशाने झाला?"

"सुपाचा काठ लागला."

"आणि हा?"

"त्याचाच दुसरा काठ."

वहिनी दारातून बाहेर आली होती. ती म्हणाली, "मला वाटलं हंड्यानं लागलं असेल."

"मावशी, हिरड्यांतून रक्त येतं का?"

मावशीने सूप पुन्हा हातात घेतले आणि त्यातल्या भाताकडे पाहत राहिली. शस्त्रक्रियेनंतर तिला मिश्री बंद करायला सांगितले होते, आणि ती बंद झाली आहे असे घरात सगळे धरून चालले होते. रक्ताचे सांगावे तर दातांचे सांगावे लागणार. दातांचे सांगावे तर मिश्रीचे.

"थोडा येतो," ती शेवटी म्हणाली. "सकालचा. दात जुने झाले, त्यांना काय रोज रगत नको?"

"आई, म्हणजे तुम्ही अजून मिश्री लावता?" वहिनी ओरडलीच.

"तू माझी भाजी बंद केलीस, आता मिश्री बंद कर. मग सासू बंद कर."

इतर कोणत्याही दिवशी मी हसले असते. डाग, हिरड्या, आणि तीन आठवडे वाढवलेली गोळी: तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मी वहिनीला म्हटले, "लॅबची दुसरी लिंक आली, तो मेसेज आहे ना?"

"आहे. तुम्ही म्हणालात म्हणून ठेवलाय."

"मग माझ्यासमोर उघड. नेहमी उघडतेस तशीच. काहीही वेगळं करू नकोस."

तिने मेसेज काढला. लिंकवर नुसते बोट टेकवले नाही. बोट दाबून धरले आणि लिंक कॉपी केली. मग व्हॉट्सॲप उघडून स्वतःच्याच नंबरला ती चिकटवली. पाठवण्याआधी कर्सर शेवटी नेला आणि मागून एकेक अक्षर पुसायला सुरुवात केली. अगदी मन लावून, मटारची शीर काढावी तशी. प्रश्नचिन्हापर्यंत आली, तेही पुसले आणि मग थांबली.

"हे काय करतेस?"

"शेपूट कापते."

"शेपूट?"

"तुमच्या बिल्डिंगखालचे मोबाईलवाले अंकल नाहीत का? दिवाळीनंतर, तो मागचा रिपोर्ट आल्यावर, मी फोनची काच बदलायला आले होते ना तुमच्याकडे, तेव्हा त्यांनी शिकवलं. लांब लिंक म्हणजे धोका. प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं शेपूट, आणि विष शेपटात. ते कापायचं, मगच दाबायचं. खात्यातलं काही जात नाही." ती थोडी अभिमानाने म्हणाली, "मी गावात चार जणींना शिकवलंय."

तिने उरलेली लिंक पाठवली आणि तिच्यावर बोट टेकवले. आमचे ॲप उघडले. तत्काळ, एकही अडथळा न येता, मला कौतुक मिळवून देणाऱ्या त्याच चपळाईने. पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरांत एक पूर्णांक सात.

मला एका क्षणात सगळे कळले. रिपोर्टचा क्रमांक प्रश्नचिन्हाच्या पुढे असे. माझा पॅटर्न पत्त्याचा फक्त रस्ता पाहत होता; प्रश्नचिन्हापुढचे त्याला दिसतच नव्हते. त्यामुळे शेपूट असलेली लिंक आणि कापलेली लिंक त्याच्या लेखी सारखीच. तो दोघींनाही दार उघडून देई. आत ॲपला कोणता रिपोर्ट शोधायचा हे समजत नसे, आणि कोरे पान वाईट दिसते म्हणून आम्ही अशी सोय केली होती की, क्रमांक नसेल तर फोनवर शेवटचा साठवलेला रिपोर्ट दाखवावा. पॅटर्न जुळला नसता आणि लिंक ब्राउझरमध्ये गेली असती, तर वहिनीला चुकीचे पान दिसले असते आणि तिने लॅबला फोन केला असता. पॅटर्न जुळला म्हणूनच तिचा विश्वास बसला.

"आता मूळ मेसेजमधली लिंक दाब. न कापता."

"विष?"

"हे मी बनवलंय, वहिनी. दाब."

तिने घाबरत बोट टेकवले. ॲप उघडले आणि मधोमध गोल फिरू लागला. गावात नेटवर्क असेच असते. खळ्यावर एक कोंबडी सांडलेले दाणे टिपत होती आणि मावशी तिला हुसकत होती. मी त्या गोलाकडे पाहत होते. तो आकडा अजून कोणीही वाचलेला नव्हता, आणि तरीही तो मावशीच्या अंगात खरा होता. मी न पाहण्याने त्यात काहीही बदल होणार नव्हता.

पान उघडले. सहा पूर्णांक आठ.

वहिनीने तोंडावर हात नेला. आकड्याचा अर्थ तिला माझ्याइतकाच कळत होता.

मी दवाखान्यात फोन केला. या वेळी सहायकांनी एकही प्रश्न न विचारता डॉक्टरांना फोन दिला. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "डोकं दुखतंय का? कुठे पडल्या होत्या का? डोक्याला लागलंय?"

मी तोच प्रश्न मावशीला केला.

"डोका नाय दुखत," ती म्हणाली. मग जरा वेळाने, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसे, "परवा दिशी न्हाणीच्या चौकटीला आपटला होता. टेंगूळ पन नाय आला."

डॉक्टरांनी ते फोनवर ऐकले असावे. "लगेच घेऊन या," एवढेच म्हणाले. "आज गोळी नाही. आणि गाडीत धक्के बसू देऊ नका."

मावसभाऊ कामावर होता. त्याला वहिनीने वाटेतूनच कळवले. गावातल्या रिक्षावाल्याला मी सांगितले की, वाटेतले खड्डे आज तुम्ही माझ्यासाठी चुकवायचे आहेत. त्याने खरोखर चालण्याच्या वेगाने रिक्षा नेली. मावशी आम्हा दोघींच्या मध्ये बसली होती. मी तिचे डोके माझ्या खांद्याला टेकवून धरले होते आणि प्रत्येक गतिरोधकावर माझे दात आवळले जात होते. ती बोलत राहावी म्हणून मी तिला काहीबाही विचारत होते. बोलणे अडखळले तर ती पहिली खूण असेल, हे मला ठाऊक होते.

"काल कोण आलं होतं घरी?"

"कोन येनार? तुझी वहिनी माजी मानसा पन बंद करील."

"रात्री काय जेवलीस?"

"पिठला. ह्या बयेला ते पन हिरवा दिसला नाय म्हनून दिला." मग तिने माझ्याकडे मान वळवली. "काय गो, माजा रगत पानी झाला का?"

"नाही झालं. थोडं पातळ झालंय."

"मग तू का पांढरी पडलीस?"



बदलापूरच्या दवाखान्यात तिला उतारा म्हणून औषध दिले आणि डोक्याचा स्कॅन काढायला नेले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी आपल्या फोनकडे पाहतही नव्हती. तो तिने पर्समध्ये तळाशी घातला होता. "मी कापली, ताई," ती पुन्हापुन्हा म्हणत होती, "माझ्या हातानं कापली." मी तिला समजावले की, सुटा धागा दिसला तर शिवणारीने तो कापावाच, कापड उसवले तर दोष शिवणीचा. ते तिला पटले की नाही, सांगता येणार नाही. मला स्वतःला ते अर्धेच पटले होते.

सातच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. डोक्यात रक्तस्राव नव्हता. मावसभाऊ तोवर पोहोचला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टर म्हणाले की, आकडा उतरेपर्यंत इथेच ठेवू. मग जाता जाता वळून त्यांनी मला विचारले, "पण तो एक पॉइंट सात आला कुठून?" मी सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाले, "माझे बरेच पेशंट याच लॅबचा आकडा फोनवर कळवतात."

हे वाक्य मी घरी घेऊन आले.

मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मी खालच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ आहेत. मला कॉलेजात असल्यापासून ओळखतात. त्यांनी नुकते शटर उघडून उदबत्ती लावली होती.

"आओ बेटा, काच फूटा?"

मी शेपटाविषयी विचारले. त्यांचा चेहरा खुलला. "हां, मैं ने ही सिखाया. सामनेवाली गली की एक माताजी रोते रोते आयी थी. लिंक दबाया, खाता साफ. तब से जो आता है, उसको बोलता हूँ, माई, पूँछ काटो, फिर खोलो."

"कितने लोगों को सिखाया, अंकल?"

"जो भी काच बदलने आया." त्यांनी हाताने सगळा रस्ता दाखवला. "पूरा कॅम्प जानता है."

मी घडलेले सांगितले. त्यांनी हातातला छोटा पेचकस खाली ठेवला. मग विचारले, "मौसी ठीक है?" आणि मी हो म्हटल्यावर, "तो अब मैं क्या बोलूँ सबको? पूँछ रखो?"

त्यांचे सूत्र अपुरे होते, पण निरर्थक नव्हते. काही लबाड लिंका त्याने खरोखर निकामी होत असतील. उद्या त्यांनी शेपूट ठेवा असे सांगितले आणि कोणा माताजींचे खाते रिकामे झाले, तर ते कोणाच्या नावावर? मी म्हटले, "आप कुछ मत बोलो. बदलना हमको पड़ेगा."

आम्ही बदलले. रिपोर्टचा क्रमांक प्रश्नचिन्हाच्या अलीकडे, रस्त्यातच आणला. पॅटर्न असा बांधला की 'रिपोर्ट' या शब्दापुढे पूर्ण क्रमांक असेल तरच ॲप उघडावे. क्रमांक नसलेली लिंक कशीही आत शिरलीच, तर जुना रिपोर्ट दाखवायचा नाही. 'या लिंकमध्ये रिपोर्टचा क्रमांक नाही, केंद्राला फोन करा' एवढेच मोठ्या अक्षरांत दाखवायचे. आणि तारीख आकड्याच्या वर, आकड्याएवढीच मोठी. वरिष्ठ म्हणाले, पान बेढब दिसते. मी म्हटले, दिसू दे. त्यांनी वाद घातला नाही. लॅबनेही रुग्णांना कळवायचे मान्य केले आणि डॉक्टरांना वेगळे पत्र पाठवले.

तरीही भीती गेली नाही. नवी आवृत्ती आम्ही बाहेर सोडली, पण ती घेणे ज्याच्या त्याच्या हातात असते, आणि जे लिंकला घाबरतात तेच 'अपडेट करा' या सूचनेलाही घाबरतात. अशा फोनांवर ॲप अजूनही जुन्या सवयीने दार उघडून देत असेल. कामाच्या मधेच मला वाटते की, आत्ता या क्षणी कॅम्पातल्या एखाद्या स्वयंपाकघरात कोणी मन लावून अक्षरे पुसत आहे. मी पॅटर्न लिहिते तेव्हा आता प्रथम विचारते की, हा कशाला जुळू नये. पूर्वी हा प्रश्न मी शेवटी विचारत असे.

मावशी पाचव्या दिवशी घरी आली. मिश्रीची डबी तिने स्वतःहून वहिनीच्या हातात दिली, आणि मोबदला म्हणून आठवड्यातून दोनदा, डॉक्टरांना विचारून, ठरावीक मापाने मेथी मिळवली. तपासण्या सुरू राहिल्या. आकडा आधी खूप खाली आला, मग हळूहळू वर सरकू लागला. प्रत्येक वेळी वहिनी लिंक न कापता उघडते, तारीख आधी वाचते, मग आकडा; आणि प्रत्येक वेळी मी तिला तारीख पुन्हा वाचायला लावते.

डिसेंबरातल्या मागच्या तपासणीला मी स्वतः रजा घेऊन गेले. रिपोर्ट तयार झाल्यावर वहिनीच्या फोनवर लिंक आली, ॲपमध्ये उघडली, तारीख त्याच दिवसाची होती. सगळे जसे बांधले होते तसे चालले. तरी मी पावती घेऊन बदलापूरच्या केंद्राच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. फोनवर मला आकडा नाकारणारी तीच बाई असावी. आवाज तोच होता.

"मॅडम, लिंक गेलीये ना तुम्हाला? मग कागद कशाला?"

"द्या तरी."

तिने छापून दिला. मी आधी नाव वाचले, मग तारीख, मग वेळ. पायरीवर मावशी उन्हाला पाठ करून बसली होती. "किती आला गो?" तिने विचारले. मी कागदावरचा आकडा आणि फोनवरचा आकडा शेजारी धरून पाहिले, तो माझ्या नोंदीत उतरवला, आणि मग तिला सांगितला: तीन पूर्णांक चार.